वेगाचा पडदा आणि रंगाचा पडदा

चित्रापासून मनुष्याच्या डोळ्यानें सदैव दोन गोष्टींची अपेक्षा केली आहे. पहिली, तें वस्तूशीं तंतोतंत जुळावें. आणि दुसरी, तें हालावें-चालावें. पहिल्या हौसेनें चित्रकार घडविला, दुसरीनें कळसूत्री बाहुल्यांचा सूत्रधार. या दोन्ही हौशी एकाच साधनानें पुरवाव्या असें प्रत्येक पिढीस वाटतें. आणि एका अंगानें साधन वाढविलें म्हणजे दुसऱ्या अंगानें तें उणें पडतें, असा अनुभवहि प्रत्येक पिढीस येतो. संगणकाचा पडदा विकत घेतांना आज घरोघरीं जो प्रश्न पडतो तो याच जुन्या प्रश्नाचा नवा अवतार आहे. पडदा खेळाच्या वेगासाठीं घ्यावा, कीं रंगांच्या सत्यतेसाठीं? या प्रश्नाचें उत्तर दुकानांतील फलकावर मिळत नाहीं. इतिहासांत तें थोडेंबहुत सांपडतें, आणि तो इतिहास फार दूरचा नाहीं. बोरघाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशींच त्याचा बराचसा भाग घडलेला आहे.

कर्जत स्थानकालगतचें भिसेगांव घ्या. समजा, तेथील एका मध्यम स्थितीच्या घरांत यंदा एकच पडदा घ्यावयाचा आहे. थोरली मुलगी लग्नकार्यांचीं छायाचित्रें सुधारून त्यांचे संग्रह छापावयास पाठविते व त्या मिळकतीनें घरास हातभार लावते. धाकटा मुलगा संगणकावरील नेमबाजीच्या आणि मोटारींच्या शर्यतीच्या खेळांत रमतो. पैसा एकाच पडद्यापुरता आहे. दुकानदार १४४ आणि २४० हे आंकडे पुढें करितो, आणि मुलास ते तात्काळ पटतात. मुलीला जें हवें आहे त्याचा आंकडा फलकावर क्वचित् असतो. असला तरी दुकानाच्या झगझगीत उजेडांत तो पडताळून पाहतां येत नाहीं. वेगाच्या बाबतींत निवड चुकली तर मुलाचा खेळांत पराभव होईल. रंगाच्या बाबतींत चुकली तर नवरीचा हिरवा शालू छापांत निळसर उतरेल, संग्रह परत येईल आणि पुढचें गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. दोन्ही तोटे सारखे नव्हेत. परंतु दुकानांत भाषा मात्र एकाचीच चालते.

एकाच यंत्रांत सर्व गुण हवे तितके मिळत नाहींत, ही गोष्ट भिसेगांवच्या माणसास नव्यानें सांगावयास नको. इ. स. १८६३ मध्यें बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. घाटाचा चढ कांहीं ठिकाणीं सदतिसांत एक इतका आहे. सपाटीवरून धांवत आलेल्या लांब पल्ल्याच्या गाड्या कर्जतेस थांबतात, त्यांस मागून जादा इंजिनें लागतात, आणि मगच त्या घाट चढूं लागतात. सपाटीवरच्या वेगास जें इंजिन पुरतें तें चढाच्या ओझ्यास पुरत नाहीं. यांत इंजिनाची निंदा नाहीं. काम कोणतें, हें आधीं पाहिलें पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

आतां घाट चढून वर जाऊं. चित्रकार राजा रविवर्मा यांनीं आपलीं तैलचित्रें सामान्य माणसाच्या घरांत पोंचावीं या हेतूनें इ. स. १८९४ मध्यें मुंबईस छापखाना काढला. अशीं चित्रें युरोपांत पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढवाव्या, अशी सूचना सर टी. माधवराव यांनीं त्यांस दहा वर्षें आधींच केलेली होती. रविवर्म्यांनीं पुढें यंत्रें व कारागीर जर्मनीहून आणवून छपाई येथेंच केली. शकुंतलेच्या जन्माचें चित्र हें या छापखान्याचें पहिलें फळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथें नेण्यांत आला, आणि पुढें तेथीलच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. मळवलीहून मुंबईकडे येणारी आगगाडी कर्जतेवरूनच उतरते; तेव्हां महाराष्ट्राच्या देवघरांत आणि दिवाणखान्यांत जाऊन बसलेल्या लक्ष्मी-सरस्वतींस हा घाट परका नव्हता.

शिळाछापाच्या रंगीत चित्रांत सत्यतेची किंमत कशी मोजावी लागे तें पाहण्यासारखें आहे. मूळ चित्रांतील रंगांचें पृथक्करण करून कारागीर एकेका रंगासाठीं निराळ्या शिळेवर आकृति काढीत. चांगल्या चित्रास दहा-बारा किंवा त्याहूनहि अधिक शिळा लागत. प्रत्येक कागद तितक्याच वेळां यंत्रांतून जाई. आणि एखाद्या खेपेस तो केसभर सरकला तर ओठांचा लाल रंग गालावर जाई. शिळा वाढविल्या कीं रंग सत्याच्या जवळ जात, परंतु काम मंदावे आणि किंमत चढे. शिळा कमी केल्या कीं काम झपाट्यानें होई, परंतु कांतीचा गव्हाळ रंग आणि सोन्याचा पिवळा रंग एकमेकांस भिडत. मूळ चित्र कांहीं निवडक लोकांनींच पाहिलेलें असे. छापील प्रत विकत घेणाऱ्यास ती खरी कीं खोटी हें कळण्याचें साधनच नव्हतें. म्हणून रंगाची सत्यता ही कारागिराच्या प्रामाणिकपणावर सोंपविलेली ठेव होती. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें तोच पुनः उपयोगी पडणार आहे.

लोणावळ्याच्या याच परिसरांत रविवर्मा छापखान्यासाठीं काम केलेला एक कारागीर पुढें निराळ्याच वाटेनें गेला. ते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. मुंबईची कलाशाळा आणि बडोद्याचें कलाभवन येथें ते शिकले. छायाचित्रण, ठसे करणें आणि छपाई यांत त्यांनीं हात बसविला. स्वतःचा छापखाना काढला आणि तीन रंगांच्या छपाईचीं यंत्रें व विद्या आणण्यासाठीं इ. स. १९०९ मध्यें ते जर्मनीसहि जाऊन आले. रंगाच्या सत्यतेसाठीं एवढी खटपट केलेला मनुष्य थोड्याच वर्षांत भागीदारांशीं न पटल्यामुळें छापखान्यांतून बाहेर पडला, गिरगांवांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून भारून गेला, आणि इ. स. १९१३ च्या ३ मे रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांस दाखविता झाला.

या घटनेचें एक अंग सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. फाळक्यांनीं गति मिळविली ती रंगाचा त्याग करून मिळविली. घरांतील भिंतीवर रविवर्म्याची तारामती रंगीत होती. पडद्यावरची करड्या छटांची होती, आणि मूकहि होती. परंतु ती चालत होती, एवढ्यावर प्रेक्षक संतुष्ट झाले. यांत प्रेक्षकांची अभिरुचि हीन होती असें आम्हांस वाटत नाहीं. चित्र चाललें कीं न चाललें याचा निवाडा समोर बसलेला प्रत्येकजण स्वतःच्या डोळ्यांनीं तत्क्षणीं करूं शकतो. त्यास मूळ प्रत शेजारीं ठेवावी लागत नाहीं. गति ही रोख व्यवहाराची वस्तु आहे. रंग हा उधारीचा आणि विश्वासाचा व्यवहार आहे.

गतीला रंग देण्याचा यत्न महाराष्ट्रांत पुढें वीस वर्षांनीं झाला. प्रभात फिल्म कंपनीनें व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट इ. स. १९३३ मध्यें काढला व त्याचे रंग जर्मनींत सिद्ध करून आणविले. ते समाधानकारक उतरले नाहींत. कंपनीनें हट्ट धरला नाहीं. पुढचीं चित्रें ती पुनः कृष्णधवल काढीत राहिली. इ. स. १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवांत वाखाणला गेला आणि आजहि मराठी माणसाच्या मनांत घर करून आहे. त्यांत रंगाचा एक ठिपकाहि नाहीं. वाईट रंगापेक्षां प्रामाणिक काळापांढरा बरा, हा त्या निर्णयाचा बोध, आणि आजच्या खरेदीदारानेंहि तो गांठीं बांधावा असा आहे.

संगणकाचा पडदा जन्मला तोहि रंगहीनच. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यानें इ. स. १८९७ मध्यें जी किरणनलिका केली तिच्या कांचेवर विजेच्या झोतानें ठिपका उमटे व तत्काळ विझे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत इ. स. १९६० मध्यें पुरा झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक. त्यालाहि आलेख व अक्षरें दाखविण्यासाठीं अशीच नलिका जोडलेली होती. त्याच सुमारास, इ. स. १९६२ मध्यें, अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील तरुणांनीं अशाच पडद्यावर आकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. म्हणजे एकच नलिका एकीकडे गणिताचा आलेख दाखवीत होती आणि दुसरीकडे खेळ. घराघरांतील दूरदर्शनचा पडदा आमच्याकडे रंगीत झाला तो इ. स. १९८२ मध्यें, आणि त्याचें निमित्त दिल्लीचे आशियाई क्रीडासामने हें होतें. येथें प्रथमच खेळ आणि रंग हातांत हात घालून घरांत आले.

किरणनलिकेचा पडदा अवजड होता, तापत असे, टेबलाचा अर्धा भाग अडवीत असे; परंतु त्याचा एक मोठा गुण तो गेल्यावरच लोकांस कळला. त्याच्यावर गति आणि रंग यांचें भांडण नव्हतें. ठिपका क्षणभर चमकून विझत असल्यामुळें धांवती वस्तु पुसट होत नसे, आणि रंगहि बऱ्यापैकीं खरे उतरत. भांडण सुरू झालें तें चपट्या पडद्यापासून. या पडद्यांत द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. मागून दिवा जळत असतो, आणि विजेच्या दाबानें स्फटिक वळून प्रकाश सोडतात वा अडवितात. स्फटिक कसे वळवावे, यावरून पडद्यांच्या तीन जाति झाल्या. इ. स. १९७० च्या सुमारास निघालेली पीळदार मांडणीची जात स्वस्त व चपळ; परंतु तिच्यावर डोकें जरा वरखालीं केलें कीं रंग बदलतात. इ. स. १९९६ च्या सुमारास जपानच्या हिताची कंपनीनें बाजारांत आणलेली, स्फटिक एकाच प्रतलांत फिरविणारी, आयपीएस नांवाची जात. हिचे रंग कोणत्याहि बाजूनें स्थिर, परंतु आरंभीं ती मंद आणि महाग. तिसरी, उभ्या स्फटिकांची व्हीए जात; हिचा काळा रंग गर्द, परंतु अंधाऱ्या दृश्यांत हालचालीमागें सावली रेंगाळते.

यामुळें बाजारांत दोन पंथ पडले. खेळणाऱ्यांनीं पहिली जात धरली, छायाचित्रकारांनीं दुसरी. पहिल्या जातीच्या कित्येक पडद्यांत लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकीं ६४ च पायऱ्या असत, म्हणजे खरे रंग २,६२,१४४. बाकीचे ठिपके लुकलुकवून भासविलेले. प्रत्येकीं २५६ पायऱ्या असलेल्या पडद्यावर हीच संख्या १,६७,७७,२१६ होते. मळवलीच्या शिळांचाच हा हिशेब; शिळा कमी, काम झपाट्याचें.

आतां वेगाचे आंकडे उलगडून पाहूं. ६० हा आंकडा म्हणजे पडदा सेकंदांत साठ वेळां चित्र बदलतो. एक चित्र १६.७ सहस्रांश सेकंद टिकतें. १४४ ला तें ६.९ आणि २४० ला ४.२ सहस्रांश टिकतें. डोळा धांवत्या वस्तूचा पाठलाग करीत असतो आणि चित्र मात्र तितका वेळ जागच्या जागीं उभें असतें, म्हणून वस्तु पुसट दिसते. चित्र जितकें लवकर बदलेल तितकी पुसटता कमी. हा लाभ खरा आहे, काल्पनिक नाहीं. परंतु ६० वरून १४४ वर जातांना ९.७ सहस्रांशांची बचत होते, आणि १४४ वरून २४० वर जातांना अवघी २.८ ची. पहिली उडी बहुतेकांस जाणवते. दुसरीसाठीं मोजलेला पैसा स्पर्धेंत उतरणाऱ्या खेळाडूसच वसूल होतो. शिवाय संगणकाचें चित्रयंत्र सेकंदांत तितकीं चित्रें तयारच करीत नसेल, तर पडद्याचा आंकडा हा बैलाविना शर्यतीचा छकडा ठरतो. ‘एक सहस्रांश’ प्रतिसादाची जाहिरातहि जपून वाचावी. तो आंकडा पुष्कळदां स्फटिकांस विजेचा जादा धक्का देऊन मिळविलेला असतो, आणि तसें केलें असतां स्फटिक मुक्कामापुढें जाऊन धांवत्या आकृतीभोंवतीं उजळ कड उमटते.

रंगाचे आंकडे याहून अवघड, कारण ते मानावयास आधीं एक करार लागतो. लाल म्हणजे नक्की कोणता लाल? मनुष्याच्या दृष्टीचें मोजमाप करून प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय मंडळानें इ. स. १९३१ मध्यें रंगांचा नकाशा ठरविला. त्याच्या आधारें ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं इ. स. १९९६ मध्यें सामान्य पडद्यांसाठीं एसआरजीबी हें परिमाण सुचविलें, आणि इ. स. १९९९ मध्यें तें आंतरराष्ट्रीय प्रमाण झालें. मागितलेला रंग आणि उमटलेला रंग यांतील अंतरास डेल्टा ई म्हणतात. तें सरासरी दोनच्या आंत असलें तर सामान्य डोळ्यास फरक सहसा जाणवत नाहीं.

येथें एक सापळा आहे. रंगांचा विस्तार मोठा असणें आणि रंग खरे असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळासाठीं विकल्या जाणाऱ्या कित्येक पडद्यांचा विस्तार ठरलेल्या परिमाणाहून मोठा असतो; त्यावर साधें छायाचित्र लावलें कीं हळद भडकते आणि नवरीच्या गालावर उगीच लाली चढते. डोळ्यास तें क्षणभर सुखावह वाटतें. मुलीनें तें पाहून छायाचित्राचा रंग उतरविला, कीं छापखान्यांतून निघणारी प्रत फिकी येते. मग दोष शाईला दिला जातो.

आजची स्थिति मात्र वीस वर्षांपूर्वीची राहिलेली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. आयपीएस जात आतां मंद राहिली नाहीं. १४४ व त्यापुढचे वेग तीवर सर्रास मिळतात. ज्यांत प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो असे ओएलईडी पडदे निघाले आहेत. त्यांचा प्रतिसाद एक सहस्रांशाहूनहि जलद, आणि रंगहि उत्तम. परंतु ते महाग आहेत, आणि एकच स्थिर आकृति तासन् तास राहिली तर तिचा ठसा त्यावर कायमचा उमटण्याचें भय असतें. ज्याच्या पडद्यावर दिवसभर कामाच्या पट्ट्या तशाच असतात त्यानें हें ध्यानांत घ्यावें. घाटाच्या दोन्ही बाजूंचें अंतर कमी झालें आहे, घाट नाहींसा झालेला नाहीं.

मग त्या भिसेगांवच्या घरानें काय करावें? आमचें मत आम्ही स्पष्टच सांगतों. जेथें घरांतील एकाचीहि भाकरी रंगावर अवलंबून आहे, तेथें पडदा रंगासाठीं निवडावा आणि वेग त्यांत बसेल तितका घ्यावा. आयपीएस जात, प्रत्येक रंगाच्या २५६ खऱ्या पायऱ्या, एसआरजीबी परिमाण पुरें भरणारा आणि त्या परिमाणावर बांधून ठेवण्याची सोय असलेला पडदा पाहावा. कडेपासून मध्यापर्यंत प्रकाश एकसारखा आहे कीं नाहीं हें कोऱ्या करड्या चित्रावर तपासावें. इतकें साधून १०० ते १४४ चा वेग मिळाला तर धाकट्याचा खेळ कोठेंहि अडत नाहीं. २४० च्या मोहांत वांचविलेला पैसा रंग मोजणाऱ्या उपकरणाकडे वळवावा. तें एकट्यास परवडत नसेल तर चार छायाचित्रकारांनीं मिळून घ्यावें, कारण तें महिन्यांतून एकदांच लागतें. पडदा जुना होतां होतां त्याचा दिवा पिवळटतो, म्हणून हें मापन एकदां करून भागत नाहीं. छपाईच्या कामास प्रकाश चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला इतका सौम्य ठेवावा, आणि शुभ्र रंग ६५०० केल्विनवर बसवावा. आषाढांतील ढगाळ खिडकी आणि रात्रींचा पिवळा दिवा यांत एकच चित्र दोन तऱ्हांचें दिसतें. तेव्हां कामाच्या वेळीं खोलीचा उजेड एकसारखा ठेवणें हें फुकटचें, पण फार मोलाचें साधन आहे.

जेथें रंगाचें काम कोणी करीतच नाहीं, तेथें वेगाचा पडदा घेण्यांत कांहींहि कमीपणा नाहीं. खेळ हीहि मनुष्याची गरज आहे, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ पाहणाऱ्या प्रेक्षकांनीं तिला मान दिलाच होता. मात्र डोळ्यांची काळजी दोघांनींहि घ्यावी. चित्रपटविद्येच्या ध्यासानें दिवसचे दिवस पडदा पाहणाऱ्या फाळक्यांची दृष्टि कांहीं काळ अगदीं अधू झाली होती. औषधोपचारानें ती परत आली, म्हणून पुढचा इतिहास घडला.

मळवलीचा छापखाना इ. स. १९७२ मध्यें आगींत नष्ट झाला. घाटाखालीं कर्जत-खालापुराच्या टापूंत इ. स. २००५ मध्यें कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनीं एन. डी. स्टुडिओ उभारला, आणि चित्रांचा धंदा या प्रदेशांत नव्या रूपानें रुजला. यंत्रें बदललीं, हिशेब तोच राहिला. वेगाचा साक्षीदार पडद्यासमोरच बसलेला असतो. खेळ अडखळला तर तो तत्काळ तक्रार करतो. रंगाचा साक्षीदार दूर कोठें तरी असतो. ज्या घरांत लग्नाचा संग्रह जावयाचा तेथें, आणि पुष्कळदां पुढच्या पिढींत. पन्नास वर्षांनीं एखादी नात आजीच्या लग्नांतील शालू उलगडून चित्राशीं ताडून पाहील, तेव्हां तो पडदा आणि तें दुकान कोणाच्या लक्षांतहि नसेल. हिरवा रंग हिरवा उतरला होता कीं नाहीं, एवढेंच तिला दिसेल. त्या न आलेल्या साक्षीदाराचें मत खरेदीच्या वेळीं धरण्यांत यावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.